धाक आणि बोलणी

श्रोतेहो, नमस्कार.

एखादा देश शेजाऱ्यावर चाल करून गेला, की लगेच दोन तट पडतात. बोलून पाहा, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, धाक दाखवा. दुसरा तट हमखास म्युनिक कराराचा दाखला देतो. सप्टेंबर १९३८ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश हिटलरच्या पदरात टाकला, तोही चेक प्रतिनिधींना बैठकीत बसू न देता. पुढच्याच मार्चमध्ये जर्मन फौजा चेक राजधानी प्रागमध्ये शिरल्या.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण ३१ मार्च १९३९ रोजी ब्रिटनने पोलंडच्या पाठीशी उभं राहण्याची जाहीर हमी दिली होती, हे क्वचितच कुणी सांगतं. म्हणजे धाकही दाखवून झाला होता! तरी १ सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झालाच. म्युनिकमध्ये नमलेली माणसं आता खरंच लढतील, हे हिटलरला पटलं नाही. शिवाय ऑगस्टमध्ये सोव्हिएत नेता स्टालिनशी करार करून त्याने पूर्वेची चिंता मिटवली होती. एकदा गेलेली पत नुसत्या घोषणेने परत येत नाही.

आता क्युबा. ऑक्टोबर १९६२. सोव्हिएत अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं अमेरिकेच्या दाराशी असलेल्या या बेटावर पोहोचली आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी समुद्रात नाकेबंदी केली. जगाला दिसलं ते एवढंच. पण २७ तारखेच्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना गुपचूप भेटले. तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काही महिन्यांत हलवू, मात्र याची वाच्यता नको, असा निरोप त्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. हा सौदा पुढे कित्येक वर्षं झाकलेला राहिला आणि डोळे वटारले की समोरचा नमतो, असा अर्धवट धडा पुष्कळ मुत्सद्द्यांनी गिरवला. माझ्या मते त्या गुप्ततेची किंमत मोठी होती.

आणि युद्ध पेटल्यावर? तेव्हा तर धाक निष्फळ ठरलेलाच असतो. मग बोलायचं कशाच्या जोरावर? २०२२ मध्ये रशियाने युक्रेनची काळ्या समुद्रातली बंदरं अडवली आणि धान्याची जहाजं अडकून पडली. जुलैमध्ये संयुक्त राष्ट्रं आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीने इस्तंबूलमध्ये करार झाला. त्याआधी तीन आठवडे, ३० जूनला, युक्रेनच्या माऱ्यापुढे रशियन तुकडीला त्याच समुद्रातलं, बंदरांच्या वाटेवरचं स्नेक आयलंड हे छोटं बेट सोडावं लागलं होतं. रशियाने त्याला सदिच्छेचं पाऊल म्हटलं, हा भाग वेगळा. करारामुळे वर्षभरात सुमारे ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडलं. लढाई मात्र एक दिवसही थांबली नाही.

जुलै २०२३ मध्ये रशियाने करारातून अंग काढून घेतलं. पण तोवर युक्रेनच्या क्षेपणास्त्रांनी आणि सागरी ड्रोननी रशियन युद्धनौकांना पश्चिमेकडच्या पाण्यापासून दूर ठेवलं होतं. ऑगस्टपासून जहाजं किनाऱ्याकिनाऱ्याने, रुमानिया-बल्गेरियाच्या हद्दीतून, पुन्हा निघू लागली; या वेळी रशियाची सही न घेता.