पगडी का गेली, फेटा का टिकला

पुरुषांच्या जुन्या पोशाखाबद्दल बोलताना आपण धोतर, अंगरखा, उपरणे यांवर भरपूर बोलतो आणि डोक्याचे शेवटी दोन वाक्यांत उरकतो. मंडळी, आज मी डोक्यापासूनच सुरुवात करतो. समोरून येणारा माणूस कुठल्या दरबारचा हे पूर्वी लांबूनच कळायचे, ते डोक्यावरून. शिंदेशाही पगडी वेगळी, होळकरी वेगळी, बडोद्याची वेगळी. उघड्या डोक्याने चारचौघांत जाणे तर असभ्यच मानत.

फेटा म्हणजे सुटे कापड. ते दरवेळी नव्याने बांधायचे आणि सोडले की घडी घालून ठेवायचे. पगडी मात्र एकदाच बांधून, टाके घालून पक्की केलेली असते, टोपीसारखी चढवायची. ती बांधणारा कारागीर तो पगडबंद. तलम कापडाच्या अरुंद पट्ट्यांचे वेढे तो एकावर एक इतके दाबून बसवतो की घेरा कुठेही फुगत नाही. एक वेढा सैल राहिला, तर घामाने तोच आधी सरकतो आणि सगळा आकार बिघडतो. पगडीची खरी अडचण इथेच होती. कपाळाकडची कड घामाने काळी पडते, पण पगडी घरी धुता येत नाही. ती उसवायची, कापड धुवायचे, रंगवायचे आणि पुन्हा पगडबंदाकडे द्यायची. लोकमान्य टिळकांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले. त्यांच्या पिढीनंतर टोपी आली, काळी आणि मग पांढरी गांधी टोपी. याला राजकारण कारण होतेच, पण माझ्या मते धुलाईही तितकीच कारण होती. टोपी घरच्या बादलीत निघते. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तोवर ती सत्कार-समारंभापुरतीच राहिली होती.

फेटा टिकला, कारण तो धुता येतो आणि आपल्या हातांनी बांधता येतो. कापड साधारण ८ ते ९ मीटर लांब, मीटरभर रुंद, सुती आणि तलम घ्यावे. आधी त्याच्या उभ्या चुण्या करून जाडसर पट्टा करायचा. कमरेपर्यंत पोहोचेल इतका शेमला, म्हणजे कापडाचे मोकळे टोक, पाठीवर सोडायचा आणि तिथून वेढे सुरू करायचे. पहिला वेढा उजव्या कानाकडे खाली, डावीकडे वर. दुसरा नेमका उलटा. त्यामुळे भुवयांच्या वर मध्यभागी वेढे एकमेकांना ओलांडतात आणि कोन दिसू लागतो. असे पाच-सहा वेढे झाले की उरलेल्या टोकाच्या निऱ्या करून तुरा वर खोचायचा.

बिघडते कुठे? बहुतेक वेळा मागच्या बाजूला. वेढा डोक्याच्या मागच्या उंचवट्याखालून गेलाच पाहिजे. तो उंचवट्यावर बसला, तर मान खाली घालताच फेटा पुढे घसरतो. मग बांधणारा तो आवळतो आणि तासाभरात कानशिले ठणकू लागतात. फेटा आवळून टिकत नाही, वेढे तिरके घातल्यानेच टिकतो. कृत्रिम रेशमाचे कापड गुळगुळीत असते, एका वेढ्यावर दुसरा धरत नाही. तेच घ्यायचे असेल तर खाली सुती पट्टी गुंडाळा. तुरा पडत असेल तर कापडाला खळ कमी आहे.

वेढा कानाच्या वरच राहावा. कान झाकला तर ऐकू कमी येते आणि उजव्या कानाच्या वरच्या पाळीतली भिकबाळीही दिसत नाही. तिची सोन्याची तार आणि टपोरे मोती कापडात अडकतात, म्हणून भिकबाळी फेटा बांधून झाल्यावर घालावी आणि सोडायच्या आधी काढावी.

लग्नात आता शिवलेले तयार फेटे चालतात. ते घेताना भुवयांच्या वरून, मागच्या उंचवट्याखालून टेप फिरवून डोक्याचे माप घ्या. नुसते कपाळाला धरून घेतलेले माप कमी भरते.