खोका उघडल्यानंतरचे वर्ष : ॲक्शन फिगरच्या परीक्षणाविषयी

मित्रहो,

विज्ञानकथेतल्या एखाद्या पात्राची नवी ॲक्शन फिगर, म्हणजे सांधे हलवता येणारी छोटी प्लास्टिकची प्रतिकृती, बाजारात आली की पहिल्या दोन-चार दिवसांतच तिची परीक्षणे येऊ लागतात. खोक्यावरची छपाई कशी आहे, चेहरा पडद्यावरच्या पात्राशी किती जुळतो, सोबत बदलून बसवायचे किती जादा हात आणि किती शस्त्रे दिली आहेत, हे सांगून झाले की गुण दिले जातात आणि परीक्षण संपते. मीही अनेक वर्षे असेच लिहीत आलो, म्हणून दोष इतरांच्या माथी मारत नाही. परंतु फिगर ही हलवण्यासाठी घडवलेली वस्तू आहे, आणि हलणाऱ्या वस्तूची पारख डोळ्यांनी निम्मीच होते. उरलेली निम्मी हातांना आणि काळाला करावी लागते. आज मी बोलणार आहे ते या उरलेल्या निम्म्याबद्दल.

या वस्तूचे नावच तिच्या हालचालीवरून पडले आहे. १९६४ साली हॅसब्रो कंपनीने सुमारे बारा इंच उंचीचा, सांधे हलवता येणारा सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत या धास्तीने ‘बाहुली’ हा शब्द कटाक्षाने टाळून ‘ॲक्शन फिगर’ हे नाव योजले गेले. पुढे १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ पडद्यावर आला आणि केनर कंपनीने त्यातल्या पात्रांच्या फिगर पावणेचार इंचांवर आणून ठेवल्या. उंची एवढी कमी करण्यामागे कारण होते : पात्रे लहान असली तरच ती आत बसू शकतील अशी अंतराळयाने घरात मावतील एवढ्या आकारात करता येत होती. मान, दोन खांदे आणि दोन मांड्या असे पाचच सांधे या फिगरना होते. आजच्या सहा इंची फिगरला वीस-पंचवीस सांधे असणे नवलाचे राहिलेले नाही. तरीही त्या पाच सांध्यांच्या फिगरपैकी कित्येक अजून आधाराशिवाय उभ्या राहतात, ही गोष्ट परीक्षकाने मनात ठेवावी, कारण सांधे जितके वाढतात तितक्या झिजण्याच्या आणि सैल पडण्याच्या जागाही वाढतात.

त्याच मालिकेतली दोन उदाहरणे मला नेहमी आठवतात. वाळवंटात राहणाऱ्या जावा नावाच्या बुटक्या पात्राच्या फिगरला सुरुवातीला व्हिनाइलचा पातळ झगा होता. तो कमअस्सल दिसतो असे वाटल्याने लवकरच त्या जागी कापडी झगा आला, आणि ज्याला कमी प्रतीचा म्हणून काढून टाकले तोच झगा आज संग्राहकांच्या लेखी दुर्मीळ ठरला आहे. इतका, की दुसऱ्या फिगरचा व्हिनाइल झगा कापून त्याची नक्कल केली जाते. त्यामुळे असा जावा हाती आला की जाणकार आधी चेहऱ्याकडे पाहत नाहीत, झग्याची कड कशी कापली आहे आणि व्हिनाइलची जाडी किती आहे हे पाहतात. दुसरे उदाहरण बोबा फेट या चिलखतधारी पात्राचे. त्याच्या पाठीवरून स्प्रिंगच्या जोरावर रॉकेट उडेल अशी फिगर १९७९ साली टपालाने मिळणार होती, पण सुटणारा लहान तुकडा मुलांच्या घशात अडकण्याच्या भीतीमुळे तो बेत सोडून द्यावा लागला आणि प्रत्यक्षात घरोघरी पोहोचलेल्या फिगरचे रॉकेट जागीच पक्के बसवलेले होते. उडणाऱ्या रॉकेटचे जे थोडे चाचणी नमुने उरले, ते आज या छंदातल्या सर्वांत मौल्यवान वस्तूंमध्ये गणले जातात. दोन्ही ठिकाणी किंमत ठरली ती साहित्याने आणि यंत्रणेने. परीक्षणात मात्र याच दोन गोष्टींना सर्वांत कमी जागा मिळते.

आता साहित्याकडे येतो. बहुतेक फिगर पीव्हीसी आणि एबीएस या दोन प्लास्टिकच्या संगतीने बनतात. पीव्हीसी मऊ असते, साच्यातले बारीक तपशील ते छान उचलते, म्हणून चेहरा, केस, पट्टे, झालरी त्यात ओततात. एबीएस कठीण असते आणि आकार धरून ठेवते, म्हणून चिलखत, शिरस्त्राण, सांध्यांचे भाग त्यात येतात. कुठला भाग कशाचा आहे हे नखाने हलकेच दाबून कळते, आणि कळले की फिगरचे पुढचे आयुष्य बरेचसे वाचता येते. जड धड आणि मऊ पीव्हीसीचे घोटे अशी जोडी असेल तर काही महिन्यांत, विशेषतः उष्ण हवेत, ती फिगर पुढे झुकणार हे ठरलेले आहे. पातळ तलवार किंवा बंदुकीची नळी खोक्यातूनच वाकडी आली असेल तर ते मोठे वैगुण्य मानू नये. कढत पाण्यात काही क्षण धरून, सरळ करून लगेच थंड पाण्यात बुडवली की ती तो आकार धरते.

विज्ञानकथेतल्या फिगरची खरी कसोटी चिलखतात असते. उघड्या अंगाच्या योद्ध्याचा खांदा फिरवण्यात फारसे अवघड काही नाही, पण अंतराळवीराच्या किंवा चिलखतधारी शिपायाच्या खांद्यावर कठीण ढाल असते, मांडीवर पत्रा असतो, कमरेला पट्टा असतो, आणि शिल्पकाराने हे सगळे जितके नेटके बसवावे तितकी सांध्यांना जागा कमी उरते. शिल्प आणि हालचाल यांची ही ओढाताण प्रत्येक फिगरमध्ये कुठे तरी मिटवलेली असते, आणि ती कुठे मिटवली हे शोधणे हेच परीक्षकाचे मुख्य काम आहे, असे मी मानतो. यंत्रमानवाच्या बाबतीत हे सोपे जाते, कारण त्याचा सांधा दिसला तरी तो त्याच्या रूपाचाच भाग वाटतो. माणसाच्या गुडघ्यावर वेगळ्या रंगाची पिन दिसली की डोळा तिथेच अडतो.

ही सहा इंची फिगर पाहा. उत्पादकाचे नाव मी घेत नाही. पांढऱ्या चिलखतातला अंतराळ शिपाई आहे. खांद्यावरची ढाल वेगळ्या बिजागरीवर बसवली आहे, म्हणजे हात वर नेला की ढालही उचलली जाते आणि हात काटकोनापर्यंत विनासायास जातो. कल्पना उत्तम आहे, आणि छायाचित्रात ही मुद्रा देखणी दिसते. पण हात खाली आणताना ढालीची आतली कड छातीवरच्या राखाडी पट्टीला घासते. पहिल्या वेळी काहीच दिसले नाही. दहा-बारा वेळा हात वर-खाली झाल्यावर इथे, पट्टीच्या कडेला, केसाएवढी पांढरी रेघ उमटली, कारण राखाडी हा वरून दिलेला रंग आहे आणि खालचे प्लास्टिक पांढरे आहे. हाच भाग राखाडी प्लास्टिकमध्ये ओतला असता तर कितीही घासला तरी रेघ दिसली नसती. तासाभराच्या परीक्षणात मी या खांद्याची स्तुती केली होती.

खोक्यातून काढलेल्या फिगरचा एखादा सांधा अडला तर कधीही जोर करू नका. सांध्यात रंग झिरपून तो चिकटलेला असतो, आणि पीळ दिला की पिन आतल्या आत तुटते. माझ्याकडच्या एका फिगरचा डावा गुडघा मी याच उतावीळपणाने गमावला आहे. गरम पाण्यात मिनिटभर धरल्यावर तो भाग मऊ होऊन अलगद सुटतो. पारदर्शक प्लास्टिकचे सांधे, म्हणजे प्रकाशमान भाग किंवा काचेसारखे दिसणारे अवयव, अधिक ठिसूळ असतात, तिथे दुप्पट सबुरी हवी. आणि सगळे सांधे मोकळे झाले की मी फिगर कुठल्याही आधाराविना, एका पायावर किंचित भार देऊन सपाट टेबलावर उभी करतो आणि रात्रभर तशीच ठेवतो. सकाळी ती कुठे आहे यावरून घोट्यांबद्दल जे कळते, ते हातात धरून कळत नाही.

चेहऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. डोळे-भुवया हल्ली बहुतेकदा सूक्ष्म ठिपक्यांच्या छपाईने उमटवतात, त्यामुळे हातभर अंतरावरून चेहरा जिवंत वाटतो आणि भिंगाखाली ठिपके दिसतात. यात दोष काही नाही. मात्र छपाई अर्धा मिलिमीटर सरकली तर नजर तिरळी होते, आणि हे प्रत्येक नगाला वेगवेगळे असते. म्हणून एका नगावरून सगळ्या उत्पादनाची नजर कशी आहे हे सांगू नये.

आता काळाचा भाग. पीव्हीसीला मऊपणा यावा म्हणून जे द्रव्य मिसळतात ते वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागावर येते, आणि फिगर हाताला चिकट लागू लागते. न उघडलेल्या खोक्यात हवा खेळत नसल्याने ते तिथेच साचत राहते, म्हणून ‘खोका उघडला नाही म्हणजे वस्तू सुरक्षित आहे’ हा संग्राहकांचा समज पुरता खरा नाही. कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी चिकटपणा जातो, पण काही काळाने परत येऊ शकतो. उन्हाने पांढरे प्लास्टिक पिवळे पडते. डोळ्यांत दिवा असणाऱ्या फिगरमधली बटणासारखी बॅटरी काढायची राहिली तर ती पाझरून आतले धातूचे टोक खाते. रूप पालटणाऱ्या यंत्रमानवांच्या जुन्या खेळण्यांत तर सोनेरी चमकीचे एक प्लास्टिक असे होते, की त्यातली चमक मिसळल्याने ते काही वर्षांनी बिस्किटासारखे ठिसूळ झाले आणि नुसत्या हाताळण्याने तुटू लागले. संग्राहक त्याला ‘गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम’ म्हणतात. ही खेळणी नवी होती तेव्हा त्या सोनेरी झळाळीचे कौतुक झाले असणार, आणि त्या दिवशी तरी ते चुकीचे नव्हते.

म्हणूनच गेली काही वर्षे मी प्रत्येक परीक्षणाखाली तारीख घालतो, आणि वर्ष उलटल्यावर तीच फिगर त्याच टेबलावर पुन्हा उभी करून दुसरी नोंद जोडतो. या पांढऱ्या शिपायाची दुसरी नोंद गेल्या महिन्यात लिहिली. खांद्याचे गुण मी कमी केले. घोटे मात्र, ज्यांच्याबद्दल पहिल्या वेळी एक ओळही लिहिली नव्हती, वर्षभर कपाटात बिनआधार उभे राहूनही तसूभर ढळलेले नाहीत. त्यांच्यासाठी या वेळी पूर्ण परिच्छेद लिहिला.