मोटर बदलण्याआधी

समजा, एक फायबरची होडी सुमारे ५ मीटर लांबीची असून तिच्या पिछाडीला जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर टांगलेली आहे. थ्रॉटल दाबताच तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, उचलली जाते, बराच वेळ खाली येत नाही, आणि अखेर वेग धरला की होडी पुढून-मागून झुलत उसळ्या मारू लागते. अशा वेळी मालकाच्या मनात सर्वांत आधी येतो तो मोठ्या मोटरीचा विचार. खरे तर तो सर्वांत शेवटी यायला हवा, कारण जुन्या होडीचा वेग पुष्कळदा मोटरीने नव्हे, तर वजनाने, तळाच्या आकाराने आणि मोटर ज्या उंचीवर बसवली आहे त्या उंचीने खाल्लेला असतो.

काम सुरू होते ते मोजमापापासून. टाकीत ठरावीक इंधन आणि होडीत ठरावीक माणसे घेऊन शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटलवर एकदा जायचे, लगेच उलट दिशेने यायचे आणि दोन्ही वेगांची सरासरी काढायची. त्यामुळे वाऱ्याचा आणि प्रवाहाचा परिणाम बराचसा निघून जातो. वेग जीपीएसवरून घ्यावा, मोटरीच्या दर मिनिटाच्या फेऱ्या टॅकोमीटरवरून, म्हणजे फेऱ्या मोजणाऱ्या उपकरणावरून. यापुढे एका वेळी एकच बदल करायचा आणि दर वेळी हीच चाचणी पुन्हा घ्यायची. काम कंटाळवाणे आहे, पण दोन बदल एकदम केले तर कोणता लागू पडला हे कधीच कळत नाही.

आता वजन. ट्रेलरसह होडी वजनकाट्यावर न्यावी आणि त्यातून रिकाम्या ट्रेलरचे वजन वजा करावे. अनेक फायबरच्या होड्यांत तळ आणि पायाखालच्या फळीच्या मधल्या पोकळीत फोम भरलेला असतो. तो पाणी पिणार नाही अशी अपेक्षा असते, परंतु वर्षानुवर्षे ओलावा साचला की तो स्पंजासारखा भिजतो. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. एक धिप्पाड प्रवासी कायमचा फळीखाली बसलेला! भिजलेला फोम काढला तर त्या जागी नवा भरणे आवश्यक आहे, कारण होडीत पाणी शिरल्यास तिला तरंगती ठेवण्याचे कामही तोच करतो. बॅटरी आणि इंधनाची टाकी पिछाडीला एकवटली असेल, तर त्यांपैकी एक पुढे सरकवल्यानेही उचललेली नाळ लवकर खाली येते.

यानंतर होडी उलथी करून, किंवा ट्रेलरवरच पुरेशी उचलून, तळाच्या मागच्या भागावर लांब सरळ पट्टी धरून पाहावी. मधे फट दिसली तर तळ आत बसला आहे. असा तळ नाळ खाली दाबतो आणि पाण्याचा अडथळा वाढवतो. उलट फुगवटा असेल तर होडी उसळ्या मारते. आत बसलेल्या तळाचे एक नेहमीचे कारण म्हणजे पिछाडीपर्यंत न पोहोचणारे ट्रेलरचे आधार, ज्यांच्या मागे मोटरीचे सारे वजन अधांतरी लोंबकळत राहते. मोटर जिच्यावर टांगलेली असते त्या पिछाडीच्या फळीत लाकडी गाभा असेल, तर मोटरीचा खालचा भाग धरून हलवून पाहावे. फळी लवत असेल तर पुढचे सगळे काम थांबवून आधी तीच दुरुस्त करावी.

मोटरीची उंची हा या कामातला सर्वांत रंजक भाग आहे. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर असलेली आडवी पट्टी पृष्ठभागावरची हवा पंख्याकडे ओढली जाऊ देत नाही. प्रथम ती तळाच्या रेषेत ठेवावी आणि मग मोटर बोल्टच्या एका भोकाने, म्हणजे साधारण पाऊण इंच, वर घ्यावी. पाण्यातला भाग कमी झाल्याने अडथळा घटतो. पण वळणावर पंख्याची पकड सुटून फेऱ्या एकाएकी वाढू लागल्या, किंवा थंड पाणी खेचणारी छिद्रे उघडी पडू लागली, की एक भोक खाली यावे. जुन्या मोटरींत कलण्याचा कोन खिळ्याने ठरतो: खालचा भाग फार आत घेतल्यास नाळ पाण्यात घुसते आणि सुकाणू जड होते, फार बाहेर सोडल्यास उसळ्या सुरू होतात.

पंखा बदलण्यापूर्वी सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, तपासावे. त्यांत १० टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर दोष मोटरीतच आहे. मोटर निरोगी असेल तर हिशेब सोपा आहे. पंख्यावर १३ × १७ असे आकडे असतील, तर दुसरा आकडा पिचचा, म्हणजे पाण्यात पंख्याची घसरण नसती तर एका फेरीत पंखा १७ इंच पुढे गेला असता. मोटरीच्या मिनिटाला ५,५०० फेऱ्या आणि गिअरचे प्रमाण २ : १ (मोटरीच्या दोन फेऱ्यांमागे पंख्याची एक) धरले, तर वेग ताशी ७१ किलोमीटर यायला हवा. जीपीएस ६० दाखवत असेल तर घसरण सुमारे १६ टक्के आहे, आणि अशा होडीला ती साजेशीच आहे. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेपर्यंत फेऱ्या पोहोचत नसतील तर कमी पिचचा पंखा घ्यावा. एक इंच पिच कमी केल्यास साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात.

सुकाणू एका बाजूला ओढत असेल तर पंख्यामागचे छोटे पाते त्याच बाजूला किंचित वळवावे. त्याआधी सुकाणूच्या केबलचा ढिलेपणा काढलेला असावा. एवढे करूनही थोड्या उसळ्या राहिल्या, तर आडव्या पट्टीवर पंखांसारखी जोडपट्टी बसवण्याचा मोह होतो. काही होड्यांना ती उपयोगी पडते, पण ती चुकीचे वजन आणि चुकीची उंची झाकूनही टाकते, आणि अनेक प्रकारच्या जोडपट्ट्यांसाठी मोटरीला भोके पाडावी लागतात.