मिल कुणाची होती?

[दृश्य: गांधीसागर तलाव, वरून. कॅमेरा सावकाश एम्प्रेस मॉलकडे वळतो.]

हा गांधीसागर. जुने नागपूरकर अजून जुम्मा तलावच म्हणतात. पलीकडे एम्प्रेस मॉल, त्याला लागून उंच इमारती. यात जुनं म्हणावं असं नावच तेवढं राहिलंय.

१ जानेवारी १८७७. दिल्लीत दरबार भरला होता, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करत होते. त्याच दिवशी इथे, दलदल भरून काढलेल्या जमिनीवर, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. सांगतात, की नागपूरच्या एका सावकाराने टाटांना पैसे नाकारले होते. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं त्याचं म्हणणं. पुढे मिल धो धो चालली, तेव्हा त्यानेच कबूल केलं: पुरली ती माती, निघालं ते सोनं. टाटांची गोष्ट निघाली की हा किस्सा येतोच. कामगार मात्र त्या किश्श्यात कुठेच नाही.

[दृश्य: पूर्व नागपूर, तांडापेठ. यंत्रमागाचा धोटा, अगदी जवळून. सुरुवातीला निवेदन नाही, फक्त खडखडाट.]

मिल आली तेव्हा या शहरात विणणारे हात आधीपासून होते. नागपुरी कोष्ट्यांचं रेशीमकाठी धोतर, पागोटं, लुगडं दूरवर जायचं. आसपासच्या गावांत महार विणकर जाडंभरडं कापड विणायचे. १८६७ ला रेल्वे नागपुरात पोचली. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गाडीने मुंबईला, तिथून बोटीने मँचेस्टरला. आणि त्याच वाटेने मँचेस्टरचं स्वस्त कापड उलट इकडे. परदेशात निघालेल्या मालाने इथलं काम खाल्लं, त्याची नागपुरातली सुरुवात ही अशी. सगळ्यात आधी मार बसला तो जाडं विणणाऱ्यांना. बारीक सुताचे, काठाचे कोष्टी गिरणीचं सूत घेऊन बरीच वर्षं टिकून राहिले.

तेव्हा मदत? कुणाची आणि कसली! माग बंद पडला की माणूस मिलच्या गेटवर जाऊन उभा. एम्प्रेसची खाती, म्हणजे कामाचे विभाग, अशाच हातांनी भरली.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. रिंग फ्रेमच्या रांगा, साचे, खात्यातले कामगार. मग आजची बेझनबाग, पाटी दिसेल अशी.]

एम्प्रेसचे मॅनेजर बेझनजी मेहता. बेझनबाग त्यांच्या नावाची. देशात रिंग स्पिंडल, म्हणजे सूत कातायचं नवं यंत्र, आधी आणून चालवून पाहिलं ते या मिलने. आणि कामगारांसाठीही तिने दोन गोष्टी सरकारच्या फार आधी केल्या: १८८६ ला पेन्शन फंड, १८९५ ला अपघाताची भरपाई. मालक चांगला असेल तर मिळेल, अशी ही सोय. हक्क नव्हे. पण सोय होती, हे मान्य करायला हवं.

[दृश्य: मॉडेल मिल चौक. गर्दी, ऑटो, पाटी.]

आता शंभर वर्षं पुढे या. १९७४ च्या कायद्याने देशभरातल्या आजारी, म्हणजे तोट्यातल्या, मिल राष्ट्रीय झाल्या, त्यात नागपूरची मॉडेल मिल केंद्राच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. १९८६ साली एम्प्रेस टाटांच्या हातून सुटून राज्याच्या महामंडळाकडे आली. कामगारांना वाटलं, आता मालक सरकार, आता काळजी नाही.

नेमक्या त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९८६ पासून, केंद्राने बंद मिलच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी सुरू केला. तो नीट समजून घ्या, कारण अशा योजनेचा खरा चेहरा तिच्या अटींत असतो.

[ग्राफिक: तीन पट्ट्या. ७५, ५०, २५.]

पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के. दुसऱ्या वर्षी ५०. तिसऱ्या वर्षी २५. मग बंद. मिल ६ जून १९८५ नंतर कायमची बंद झालेली हवी. कामगाराची सलग पाच वर्षं नोकरी हवी. पगार महिना २५०० रुपयांच्या आत हवा. १९९३ नंतरच्या बंदसाठी ही मर्यादा ३५०० केली. दुसऱ्या नोंदणीकृत कारखान्यात लागलात तर मदत थांबली. इथवर ठीक आहे, सरकारी योजना अशाच असतात.

पण एक अट याहून मोठी. मिल खाजगी हवी.

[दृश्य: कामगाराच्या हातातली पिशवी. त्यातून एकेक कागद निघतो: ओळखपत्र, पीएफची पावती, पगारपत्रक.]

एम्प्रेस राज्याची. मॉडेल केंद्राची. नागपूरच्या दोन्ही मोठ्या मिलचा मालक सरकार, त्यामुळे सरकारचाच निधी त्यांच्या कामगाराला लागू नाही. या शतकाच्या सुरुवातीला दोन्हींचे भोंगे थांबले, तेव्हा वाट्याला आली स्वेच्छानिवृत्ती आणि हिशेब. खातं तेच, यंत्र तेच, फुफ्फुसात गेलेला कापूसही तोच. फरक फक्त गेटवरच्या पाटीचा. हा नियम लिहिणाऱ्याने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरताना कामगाराचा हात कधी पाहिला नसावा.

[बाइट: माजी कामगार, कताई खातं. हिशेबाच्या कागदाबद्दल. पूर्ण ठेवावा, मध्ये कापू नये.]

[ग्राफिक: नकाशा. अमेरिका.]

अमेरिकेने हाच प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. तिथे मिल कुणाची ते विचारत नव्हते. विचारायचे, काम कशामुळे गेलं? १९६२ साली, केनेडींच्या काळात, कायदा झाला: परदेशी मालामुळे नोकरी गेली तर सरकार कामगाराला सावरेल. ऐकायला छान. पण आयात वाढली ती सरकारने जकात कमी केली म्हणूनच, आणि नोकरी गेली ती मुख्यतः त्याच आयातीमुळे, हे सिद्ध करा, अशी गाठ मारून ठेवलेली. १९६९ उजाडेपर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ ला गाठ सैल केली. नंतर कारखानाच परदेशी हलवला तरी मदत मिळू लागली.

अर्ज करायला तीन कामगार पुरे असत. तिघांनी सही केली, की श्रम खातं कंपनीकडून आकडे मागवून चौकशी करणार. कारण खरं निघालं की त्या कारखान्याच्या सगळ्या बाधित कामगारांना दार उघडं: नव्या कामाचं शिक्षण, शिक्षण चालू असेपर्यंत भत्ता, दुसऱ्या गावी काम मिळालं तर सामान हलवायचा खर्चसुद्धा. पन्नाशी ओलांडलेल्याने कमी पगाराची नोकरी धरली, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा अर्धा भाग काही काळ सरकार देणार. कारण शोधायचं काम कामगाराचं नाही, सरकारचं. आपल्याकडे उचलण्यासारखं काही असेल तर ते हे. १ जुलै २०२२ पासून तिथे नवे अर्ज बंद आहेत, कारण संसदेने मुदत वाढवली नाही.

[दृश्य: गणेशपेठ. रस्ता, मग कामगार विमा महामंडळाच्या कार्यालयाची पाटी.]

परत नागपुरात, गणेशपेठेत. महाराष्ट्रात कामगार विमा योजना पहिल्यांदा आली ती नागपुरात, जुलै १९५४ मध्ये. मुंबईला त्यानंतर. २०१७ पासून तो मिलवाला पुनर्वसन निधीही या कामगार विमा महामंडळाच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत मिसळला. कारखाना बंद झाला किंवा कपात झाली, तर विमाधारकाला पहिलं वर्ष अर्धा पगार, दुसऱ्या वर्षी पाव, शिवाय दवाखाना चालू. शिवाय नोकरी गेलेल्या विमाधारकासाठी २०१८ ची अटल योजना, ९० दिवसांपुरती. मिल सरकारी की खाजगी, हा पेच इथे नाही. इथे नाव चढलेलं हवं, आणि नाव चढतं ते दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे.

[दृश्य: पुन्हा तांडापेठ. एका खोलीत चार यंत्रमाग, दोन माणसं. मागे कपड्यांची दोरी.]

ही खोली मोजा. दोन माणसं. मजुरी मीटरवर, हिशेब आठवड्याला, तोही मालकाच्या वहीत. बाजारात स्वस्त परदेशी कापड आलं की आधी एक माग थांबतो, मग दुसरा. याला ना टाळेबंदी म्हणतात, ना कपात. नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या कामगार संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी नव्या कौशल्याचा निधी आहे: मालकाने शेवटच्या पगाराच्या हिशेबाने १५ दिवसांचे पैसे भरायचे, ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात. चांगली तरतूद आहे. या खोलीत तिचा उपयोग काय? शेवटचा पगार दाखवणारा कागदच नाही.

घरं उठली, पोरं कामाला लागली, काही सुरतेला गेले.

[दृश्य: विजेचा मीटर. आकडे फिरताहेत.]

आणि तरी सरकारला ही खोली ठाऊक नाही असं नाही. यंत्रमागाला राज्य विजेत सवलत देतं. सवलतीसाठी मालकाचं नाव, मागांची संख्या, मीटरचा नंबर, सगळं नोंदवलेलं आहे. कुठला माग कधी थांबला, हे बिलावरून कळतं. त्याच नोंदीत मागावर उभं राहणाऱ्याचं नाव आणि त्याचं बँक खातं टाकायचं बाकी आहे.