जागा ठरवा ती वार पडल्यानंतरच्या तासावरून

बायांनो, घरीच बाळंत व्हावं असं वाटण्यात काही चूक नाही. कळा सुरू झाल्या की फिरावंसं वाटतं, उकिडवं बसावंसं वाटतं, आईनं कंबर चोळावी, घोटभर पेज द्यावी असं वाटतं. यात धोका नाही. टेबलावर तासन्‌तास उताणं पडून राहण्यापेक्षा हे चांगलंच, आणि आरोग्य केंद्रातही ते हक्कानं मागा. पण बाळंतपणाची जागा कळांवरून निवडू नका. बाळ आल्यानंतरचा पहिला तास बघून निवडा.

दिवस भरल्यावर गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त येत असतं. वार, म्हणजे नाळेनं बाळाला पोसणारा गोळा, सुटली की तिच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. पिशवी आवळली तरच त्या मिटतात. ती ढिली राहिली आणि उपचार नाही मिळाला, तर दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. म्हणून बेंबीजवळ हात ठेवून बघत राहायचं. पिशवी नारळासारखी टणक लागली पाहिजे. मळलेल्या कणकेसारखी लागली तर तिथंच गोल गोल जोरात चोळायची, बाईला लघवी करायला लावायची, कारण भरलेला लघवीचा फुगा पिशवीला आवळू देत नाही. बाळ छातीशी लावायचं. नाळ मात्र ओढायची नाही. ओढल्यानं पिशवीच उलटून बाहेर येऊ शकते. अर्ध्या तासात वार पडली नाही तर तिथं वाट बघत बसू नका, निघा.

याच बेळगाव जिल्ह्यातल्या गावांत 1,620 बायकांवर झालेला अभ्यास 2006 साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात आला. बाळंतपणं घरात नाहीतर उपकेंद्रात, सिस्टरच्या हातची. बाळ जन्मल्यावर काहींना पिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, 600 मायक्रोग्रॅम, तोंडानं दिल्या, बाकीच्यांना औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या. रक्त लुगड्यात मुरतं, डोळ्यांना अंदाज येत नाही, म्हणून कमरेखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून ते मोजलं. औषध न मिळालेल्यांत अतिरक्तस्राव 12 टक्के होता, औषध घेतलेल्यांत तो 6.4 वर आला. गोळीला फ्रीज लागत नाही, आपल्या भागाला हे फार मोलाचं. पण शंभरातल्या सहाजणींना गोळी घेऊनही जास्त रक्त गेलंच, हे विसरू नका. आणि पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री झाल्याशिवाय ती द्यायची नाही, पिशवी फाटू शकते.

केंद्र बघायला सातव्या महिन्यातच जा. पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिन इंजेक्शन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांवर आहे का, लाईट गेल्यावर काय करतात, बाळ रडलं नाही तर पहिल्याच मिनिटात श्वास द्यायला अंबू बॅग आहे का, रात्री सिस्टर मुक्कामाला असते का, हे स्पष्ट विचारा. आधीचं सिझेरियन, जुळं, पायाळू, बीपी 140/90 किंवा वर, हिमोग्लोबिन 7 च्या खाली, यातलं एकही तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीच्या कार्डावर, असेल तर जिथं रक्त आणि ऑपरेशनची सोय आहे तिथंच जायचं.

कणकुंबी, जांबोटीच्या पावसात ओढे भरतात, आडवाटेच्या वाड्यांत रेंज मिळत नाही. आषाढ-श्रावणात तारीख असेल तर सदतिसाव्या आठवड्यातच खानापुरात नाहीतर बेळगावात पाहुण्यांकडे येऊन राहा. रक्तगट जुळणारी दोन माणसं आशाताईंना आधीच सांगून ठेवा. आणि घरीच झालं, रक्त थांबेना, तर 108 ला फोन लावा. गाडीत पाय उंच, अंगावर घोंगडी, आणि पिशवीवरचा हात दवाखाना येईपर्यंत काढू नका.