वर्ल्ड बँकेचा पैसा आणि मदुराईची लेन्स

नमस्कार मंडळी!

1994 साली मोतीबिंदूच्या कामासाठी वर्ल्ड बँकेनं भारताला मोठं कर्ज दिलं. सात राज्यांत प्रकल्प, त्यात आपला महाराष्ट्रही. पैशाची सोय झाली. पण डोळ्यात बसवायची लेन्स आणायची कुठून?

तोवर सरकारी शिबिरात बहुतेकदा मोतीबिंदू काढायचे आणि आजोबांच्या हातात सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा ठेवायचे. तो फुटला की आजोबांना परत धूसर दिसणार. परदेशी लेन्स शंभर डॉलरच्या आसपास. काही दानात यायच्या, पण दानाची गंमत बघा. प्रत्येक डोळ्याचा नंबर वेगळा. पेशंटला लागतो साडेवीस आणि खोक्यात उरलेत सगळे सव्वीस, तर डॉक्टरनं करायचं काय?

याचं उत्तर मदुराईत दोन वर्षं आधीच तयार होतं. डॉ. जी. वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर 1976 मध्ये 11 खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. 1992 मध्ये त्याच मंडळींनी ऑरोलॅब हा लेन्सचा कारखाना उभा केला. मदतीला अमेरिकेतलं सेवा फाउंडेशन. (ते काढणाऱ्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या देवी निर्मूलन मोहिमेत राबलेले लोक होते.) लेन्स दहा डॉलरच्या खाली आली! ऑरोलॅब ट्रस्ट आहे, पण लेन्स विकतो आणि नफा पुन्हा कामात घालतो. सोशल एंटरप्राइज म्हणतात ते हेच.

माझं मत विचाराल तर बड्या संस्थांनी कारखाने चालवायच्या फंदात पडू नये. त्यांच्या प्रकल्पाला मुदत असते; ती संपली की ऑफिस, गाड्या, माणसं, सगळं गुंडाळतात. कारखान्याला मात्र उद्याही गिऱ्हाईक हवं असतं, म्हणून तो किंमत आणि दर्जा दोन्ही सांभाळतो. पण सात राज्यांतल्या सरकारी सर्जनना लेन्स बसवायला शिकवणं, सरकारी धोरण हलवणं, हे नुसत्या लेन्स विकून होत नाही. तिथे वर्ल्ड बँकेचंच वजन लागतं. आणि सर्जन शिकले, तशी स्वस्त लेन्सला मागणीही वाढली.

घरात कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर लेन्सचा स्टिकर असतो, नंबर आणि कंपनीसकट. कंपनी कुठली निघाली, ते कमेंटमध्ये लिहा.