पुणे ते नागपूर, सायकलवर : मी का निघालेय

नमस्कार सगळ्यांना. डिसेंबरमध्ये आम्ही काही कॉलेजची मुलंमुली पुण्याहून नागपूरला सायकलने निघतोय. टेंभुर्णी, बार्शी, धाराशिव, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा रस्ता आहे, साधारण आठशे किलोमीटर, आणि कॅन्सर पेशंटसाठी पैसे जमवतोय. हे ऐकलं की लोक पहिला प्रश्न विचारतात की मदतच करायचीय ना, मग सरळ पैसे द्या, सायकल कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि आज मी त्याचंच उत्तर द्यायला उभी आहे.

माझी मावशी भूम तालुक्यातली. लग्नाआधीपासून मिश्री लावायची. तिकडे बायकांमध्ये मिश्रीला व्यसन असं कुणी म्हणतच नाही, तव्यावर तंबाखू भाजायची, कुटून डबीत भरायची, सकाळी दाताला लावायची, मग दुपारी जेवण झालं की परत, रानातून आलं की परत. तिच्या गालाला आतून जखम झाली, ती भरेना, तिखट लागलं की डोळ्यात पाणी यायचं, तरी तिनं बरेच महिने अंगावर काढलं आणि शेवटी बायोप्सी केली तेव्हा कळलं. ऑपरेशन झालं आणि मग रेडिएशनसाठी ती धनकवडीला आमच्या घरी राहायला आली.

रेडिएशन एका दिवसात होत नाही हे मला तेव्हा कळलं. डोस थोडा थोडा करून देतात, म्हणजे आजूबाजूच्या चांगल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, साधारण सहा आठवडे. मशीनवर पाच-दहा मिनिटंच लागतात पण त्या पाच-दहा मिनिटांसाठी माणसाला रोज हजर राहावं लागतं, आणि मध्ये मोठा खंड पडला तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी परत वाढायला लागतात, तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये तर हे डॉक्टर फार बजावून सांगतात. मावशीला तोंडात फोड आले, गिळता येईना, आई तिला पेज आणि पातळ वरण करून द्यायची, आणि कॉलेज सांभाळून तिला नेणं-आणणं माझ्याकडे होतं.

तिथल्या बाकड्यावर रोज तीच माणसं भेटायची. लातूरकडचे एक काका होते, घशाचा कॅन्सर, बरोबर त्यांचा मुलगा. उपचाराचा खर्च महात्मा फुले योजनेतून होत होता, त्याची अडचण नव्हती. अडचण होती राहायची. पुण्यात कुणी नातेवाईक नाही, खोली भाड्यानं घेतलेली, मुलाची मजुरी बुडलेली, गावाकडे सोयाबीन काढायला आलेलं. एक दिवस काका म्हणाले, पोरी, चार दिवस जाऊन येतो. ते आम्हाला परत दिसले नाहीत.

हे माझ्या डोक्यातून गेलंच नाही. माझ्या मावशीचा कोर्स पूर्ण झाला कारण धनकवडीत तिच्या बहिणीचं घर होतं, बाकी काही वेगळं नव्हतं. औषध तेच, मशीन तेच, डॉक्टर तेच. मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फूटपाथवर राहणारे पेशंट तुमच्यापैकी काही जणांनी पाहिले असतील, ते हॉस्पिटल १९४१ पासून देशभरच्या लोकांवर उपचार करतंय, पण लांबून आलेल्या माणसाला रात्री टेकायला जागा कुठून आणायची? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा पेशंटना वर्षानुवर्षं ठेवून घेते, आणि मला विचाराल तर ती खोली हा उपचाराचाच भाग आहे, गोळीइतकाच. म्हणून आम्ही जे पैसे जमवतोय ते सगळे पुण्यात उपचाराला येणाऱ्या पेशंट आणि त्यांच्या सोबतच्या माणसाच्या मुक्कामासाठी, जेवणासाठी आहेत. भारतात २०२२ मध्ये कॅन्सरच्या १४ लाखांवर नवीन केसेस होत्या असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचा अंदाज आहे. प्रत्येक पेशंटबरोबर एक माणूस धरा, आणि मग शहरांमध्ये खोल्या किती आहेत ते बघा.

आता सायकल. ही कल्पना आमची नाही. कॅनडात टेरी फॉक्स नावाचा मुलगा होता, हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय मांडीतून काढला होता, आणि १९८० मध्ये तो कृत्रिम पायावर देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत निघाला, कॅन्सर रिसर्चसाठी पैसे जमवायला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला, मग कॅन्सर फुफ्फुसात पोचला म्हणून थांबावं लागलं, पुढच्या वर्षी बावीसाव्या वर्षी तो गेला. आणि अमेरिकेत टेक्सास युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी २००४ पासून ऑस्टिनहून अलास्कातल्या अँकरेजपर्यंत सायकलने जातात, चार हजार मैलांच्या वर, ते सुरू करणारा मुलगा स्वतः हॉजकिन्स लिंफोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमधून बरा झालेला होता. तिथले रायडर आपण का चालवतोय ते लिहितात. मी ते वाचत बसायचे, कुणी आजोबांसाठी, कुणी मैत्रिणीसाठी, आणि आमच्या वयाची मुलं हे करतायत तर आपण का नाही असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

पण खरं कारण मला रस्त्यावर सापडलं. प्रॅक्टिसला आम्ही सातारा रोडने जातो, एकदा कापूरहोळला चहाला थांबलो. सायकल, हेल्मेट, मागे पिशव्या बघितल्या की लोक आपणहून विचारतात, कुठून आलात, कुठं निघालात, कशासाठी. गाडीतून उतरलेल्या माणसाला कुणी असं विचारत नाही! आम्ही सांगितलं कॅन्सरसाठी, तर टपरीवाले दादा हळूच म्हणाले, माझं तोंड हल्ली पूर्ण उघडत नाही. आम्ही त्यांना तीन बोटांची टेस्ट दाखवली, आपलीच मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघायचं, त्यांची दोनच जात होती. सुपारी-गुटख्याने आतली त्वचा कडक होत जाते आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. गुटख्यावर आपल्याकडे २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो ते तुम्हालाही माहितीय, मला या गोष्टीचा फार राग येतो. त्या दादांना डॉक्टरकडे जायला सांगितलं, ते गेले, आम्ही नंतर परत थांबून विचारलं. एखादं पोस्टर लावून हे झालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

बार्शीवरून जायचा हट्ट माझा आहे. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने आणि टाटा हॉस्पिटलने मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे माझ्या मावशीच्या जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांचा अभ्यास केला, तो २००९ मध्ये छापून आला. एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा विषाणू, त्याच्या एकदाच केलेल्या टेस्टमुळे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्या खेड्यातल्या बायकांनी जगाला हे दाखवून दिलं आणि आपल्याकडेच किती जणींना ही टेस्ट माहितीय? त्या विषाणूची लस तर इथे पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. मावशी आता बरी आहे, तोंड कोरडं पडतं, तिखट चालत नाही, पण बार्शीला ती तिच्या गावच्या बायकांना घेऊन येणारेय आणि मिश्रीबद्दल आमच्याऐवजी तीच बोलणारेय.

आईचा आधी विरोध होता. सोलापूर हायवे, डिसेंबर म्हणजे ऊसाचा सीझन, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या, तिची काळजी खरीच आहे. म्हणून आम्ही उजेडातच चालवणार, मागे एक गाडी राहणार. तयारीला सिंहगड, बोपदेव घाट चालूच आहे, आणि दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत करायची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, आमच्यातल्या प्रत्येकाने पूर्ण केलीय, ती अट होती.

मगाशी त्या ताईंनी विचारलं की पूर्ण राईड जमणार नाही, तर एक टप्पा येता येईल का? हो, नक्की या. पहिला टप्पा हडपसर ते भिगवण, शंभरच्या आत आहे आणि रस्ता बराचसा सपाट. गिअरची सायकल लागतेच असं नाही. ब्रेक चांगले हवेत, मागचा लाल लाईट हवा, एक जादा ट्यूब आणि पंप जवळ ठेवा, आणि हेल्मेट नसेल तर आम्ही कुणालाच बरोबर घेत नाही. नावं बाहेर टेबलावर लिहून घेतोय.